बरं झालं, गाडी आली नाही

ओल्वेरा, स्पेन. रात्रीचे साडेअकरा.

पाय ठणकताहेत आणि झोप येत नाही. धाकटी केव्हाच गाढ झोपली. आजचा दिवस इतका चांगला गेला की मनाला काही खुपायला नको होतं. पण दुपारपासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय, म्हणून वही काढली.

साफ्रामागोनच्या स्टेशनवर पाणी प्यायला थांबलो होतो. फलाटाच्या कडेवर पाय सोडून बसलो. खाली जिथे रूळ असायचे तिथे सायकलची वाट. समोर तो चुनखडीचा उघडाबोडका सुळका आणि त्याच्यावर गिधाडं. तिनं बाटली तोंडाला लावली, एक लांब श्वास सोडला आणि म्हणाली, "आई, बरं झालं ना, इथं गाडी आलीच नाही ते!"

एवढंच. मी "हं" म्हटलं आणि हेल्मेटचा पट्टा उगाचच काढून परत लावत बसले.

ती म्हणाली त्यात चूक काहीच नाही. १९२० च्या दशकात, हुकूमशहा प्रिमो दे रिवेराच्या राजवटीत, हेरेसहून अल्मार्गेनला जाणारी रेल्वे बांधायला घेतली. डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल टाकले, स्टेशनं उभी केली. मग मंदी आली, १९३६ ला यादवी पेटली आणि काम राहिलं ते राहिलंच. इथून प्वेर्तो सेर्रानोपर्यंतचा ३६ किलोमीटरचा हा तुकडा, त्यात ३० बोगदे आणि ४ मोठे पूल. एकही गाडी त्यावरून कधी गेली नाही. १९९३ पासून स्पेननं अशा सोडून दिलेल्या रेल्वेमार्गांचे चालायचे-सायकलचे रस्ते करायला घेतले, विया वेर्दे, म्हणजे हिरवी वाट. देशभरात आता ३,००० किलोमीटरहून जास्त झालेत. रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळे वाट कुठेही अंगावर येत नाही. माझ्यासारख्या दुखऱ्या गुडघ्यांनाही जमतं. मोटारी नाहीत, हॉर्न नाही, मागून कुणी घासून जाईल ही भीती नाही. पुण्यात सायकल चालवताना माझे खांदे कानापर्यंत वर चढलेले असतात. आज कधी खाली आले कळलंच नाही.

म्हणजे बरंच झालं. मग मला ते लागलं का?

स्टेशनचं घर मी नीट पाहिलं. आत गिधाडांची माहिती देणारं केंद्र केलंय. सुळक्यावर कॅमेरा लावलाय, त्यातून घरटी दिसतात. धाकटी तिथून हलायलाच तयार नव्हती. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच मीटर! मी मात्र बाहेर फलाटावर येरझाऱ्या घालत होते. स्टेशन कुणी बांधलं तरी फलाटाची लांबी आधी ठरते. किती डबे लागतील, किती माणसं उभी राहतील, ऑलिव्हची किती पोती उतरतील, याचा कुणीतरी बसून हिशेब केला असणार. मग आसपासच्या गावात कुणी बापानं पोरीला सांगितलं असणार, तू मोठी होशील तोवर गाडी येईल.

नाना मला हेच सांगायचे. "तू बारावी होशील तोवर बीडला गाडी." बारावी झाली. मग म्हणाले, "तुझ्या लग्नाला वऱ्हाड गाडीनं येईल." दर फेब्रुवारीत रेल्वे बजेटच्या दिवशी दुकान अर्धं उघडं ठेवून रेडिओला कान लावून बसायचे. नगर-बीड-परळी हे तीन शब्द कानावर पडले की दुसऱ्या दिवशीच्या पेपरातलं कात्रण फाइलमध्ये. हिरवी फाइल, वरती सुतळीची गाठ. १९९५ ला मार्ग मंजूर झाला तेव्हा पेढे वाटले होते. २६१ किलोमीटर, हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ. त्यानंतर त्यांनी... असो.

मी पुण्याला शिकायला गेले ती एसटीनं. पत्र्याची ट्रंक टपावर, मी खिडकीत आणि नगरपर्यंत डोळ्यांत धूळ. ट्रंकेला बांधलेली दोरी वाटेत सुटली होती, स्टँडवर उतरून बघते तर कुलूप एका कडीत लोंबकळतंय. त्या दिवशी मला नानांचा राग आला होता. गाडी का आली नाही म्हणून त्यांचा राग! अठरा वर्षांची होते. तो राग मी त्यांना कधी सांगितला नाही, आणि आता सांगायला ते नाहीत.

दुपारी फलाटावर बसून मला वाटलं, या पोरीला काय माहीत वाट बघणं काय असतं. डोळे भरूनही आले. सेव्हियात शिकते, फोनवर बोट फिरवलं की तिकीट. आपण कुणाच्या खांद्यावर उभ्या आहोत हे तिला... हे आत्ता लिहिताना बरं वाटत नाहीये. तिनं काय केलं? पाणी प्यायली आणि जे डोळ्यांना दिसलं ते बोलली.

गेल्या आठवड्यात सुएरोसजवळ 'तेलाची वाट' नावाच्या दुसऱ्या हिरव्या वाटेवर असं काहीच झालं नव्हतं. तीही जुनी रेल्वेच, हाएन आणि कोर्दोबाच्या ऑलिव्ह बागांमधून जाणारी १२८ किलोमीटरची. लोखंडी पूल एकोणिसाव्या शतकातले. पण तिच्यावरून वर्षानुवर्षं तेल वाहून नेणाऱ्या गाड्या गेल्या, मग १९८०च्या दशकात त्या थांबल्या. त्या वाटेवर मला कसं वाटलं माहितीये? रिटायर झालेल्या माणसाच्या शेजारी बाकावर बसल्यासारखं. केलं, दमले, आता निवांत. इथल्या वाटेला तसं वाटत नाही. ही नोकरीची ऑर्डर कधी आलीच नाही अशी वाट आहे.

बोगद्यांबद्दल लिहायचंच राहिलं. सगळ्यात मोठा जवळजवळ किलोमीटरभर लांब. आत शिरलं की पहिल्यांदा थंडी पायांना लागते, मग गळ्याला. ओल्या दगडाचा वास, माठाच्या खाली साचलेल्या पाण्यासारखा. एका ठिकाणी छतातून पाणी ठिबकत होतं, हेल्मेटवर टप्पकन एक थेंब पडला आणि मी दचकले. पुढे उजेड सदऱ्याच्या बटणाएवढा. मी उतरले आणि सायकल हातात धरून चालायला लागले, भिंतीला तळवा लावून. खडबडीत, गार, कुठे कुठे बुळबुळीत. हे कुणीतरी हातानं खणलं. दिवसाची मजुरी किती मिळाली असेल, घरी जाऊन काय सांगितलं असेल? आमच्याकडची माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ट्रकमध्ये, लेकराबाळांसकट. ही अंदालुसियाची माणसंही रोजंदारीवर दुसऱ्यांच्या शेतांवर जाणारी. त्यांना गाडीची गरज आपल्यापेक्षा कमी नसेल.

आणि तरीही, त्या बोगद्यातून बाहेर आल्यावर जे दिसलं! ऊन, खाली नदी, दोन्ही बाजूंना ऑलिव्ह आणि पुढे वळण घेत जाणारी रिकामी वाट. मी ओरडलेच. सायकलवर बसले आणि पायडल न मारता उतारानं कितीतरी लांब गेले, दोन्ही ब्रेक सोडून. इतकं सुख मला किती वर्षांत मिळालं नव्हतं. म्हणजे धाकटीनं जे तोंडानं म्हटलं ते माझं अंग आधीच म्हणत होतं. बरं झालं, गाडी आली नाही. लागलं ते हेच बहुतेक. तिचं बोलणं लागलं नाही, माझं सुख लागलं.

हे लिहिल्यावर जरा हलकं वाटतंय.

कोरीपेच्या अलीकडे तो चापारो पाहिला, शेकडो वर्षांचा ओक. एका झाडाची सावली एवढी की गावची मे महिन्यातली जत्रा तिथे भरते. तिथून पुढे दोन म्हाताऱ्या भेटल्या, हातात काठ्या, रोजचं फिरणं असावं. "ओला", म्हणजे नमस्कार, म्हणाल्या आणि बोलण्यात परत गढून गेल्या. ही वाट त्यांची आहे आता. गाडीनं जे द्यायचं ते दिलं नाही, पण संध्याकाळी मैत्रिणीबरोबर पाय मोकळे करायला सपाट रस्ता दिला. मी त्यांच्या वतीनं दुःखी होत बसले होते, त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

प्वेर्तो सेर्रानोहून सायकली व्हॅनमध्ये टाकून परत आलो. मग टोमॅटो किसून घातलेला, तेलानं निथळणारा भाजलेला पाव खाल्ला. खिडकीतून आत्ता किल्ला दिसतोय, शेजारी चर्चचे दोन मनोरे. १३२७ ला कास्तीलच्या राजानं हे गाव ग्रानादाच्या मुस्लिम राज्याकडून घेतलं, तेव्हा सरहद्द इथूनच जायची. हेरेसचं पूर्ण नाव हेरेस दे ला फ्रोन्तेरा, त्यातली 'फ्रोन्तेरा', म्हणजे सरहद्द, ती हीच. ते सगळं धाकटीनं जेवताना सांगितलं. मी ऐकत होते आणि ती बोलताना नानांसारखा डावा हात हलवते हे बघत होते.

सप्टेंबरमध्ये, १७ तारखेला, बीडला गाडी आली. २०२५ साली. दादानं व्हिडिओ पाठवला होता, झेंडूच्या माळा घातलेलं इंजिन आणि गर्दी. मी तो पूर्ण पाहिलाच नव्हता, मध्येच फोन ठेवला होता. आत्ता पाहिला. आवाज बंद ठेवून, ही उठू नये म्हणून. शेवटी दादा कॅमेरा स्वतःकडे वळवतो आणि त्याच्या काखेत हिरवी फाइल आहे.

उद्या हिला दाखवीन. आधी नाष्टा. सायकली ११ च्या आत परत द्यायच्यात, आणि माझ्या सायकलचा मागचा ब्रेक करकरतो ते त्यांना सांगायचंय.