कडुनिंबाच्या पानांतून चांदीचे नॅनोकण : माझा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी कडुनिंब निवडला, कारण या कामाचं मूळ आपल्याकडेच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडुनिंबाच्या अर्कातून सोन्या-चांदीचे नॅनोकण, म्हणजे नॅनोमीटरमध्ये (मीटरच्या अब्जाव्या भागात) मोजायचे अतिसूक्ष्म कण, बनवले. तो शोधनिबंध २००४ चा. गवती चहातून सोन्याचे त्रिकोणी कणही त्यांनी त्याच वर्षी दाखवले.

कृती सोपी आहे. पानं धुऊन, चिरून डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळायची आणि गाळायची. सिल्व्हर नायट्रेटचं १ मिलिमोलर द्रावण करायचं, म्हणजे १०० मिलीलीटरला १७ मिलीग्रॅम. नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्लोराइडमुळे द्रावण पांढरं गढूळ होतं. बाटली उजेडापासून झाकायची, हातात ग्लोव्हज हवेतच. अर्क मिसळला की फिकट पिवळा रंग हळूहळू तपकिरी होतो. पानांतली संयुगं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि तयार झालेल्या कणांभोवती वेष्टण करून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४२० नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा, म्हणजे चांदीच्या नॅनोकणांची खूण, दिसला तेव्हा फार आनंद झाला.

मात्र बरेच जण रंग बदलला की काम झालं असं धरतात, ते मला पटत नाही. कणांचा आकार टीईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो, आणि स्फटिकरूप चांदी आहे की नाही हे एक्सआरडी ही क्ष-किरणांची चाचणी सांगते. शिवाय पानांचा अर्क काही बाटलीतलं ठरलेलं रसायन नव्हे. ऋतू बदलला, पानं कोवळी-जून असली की अर्कही बदलतो. म्हणून मी एकाच झाडाची पानं घेत होते आणि प्रत्येक वेळी तारीख लिहून ठेवत होते.

सगळ्यात जास्त जीव मी जिवाणूंच्या चाचणीत ओतला. अगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर नॅनोकणांभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं, पण नुसतं सिल्व्हर नायट्रेटही जिवाणू मारतं! त्यामुळे कण सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून तळाशी बसवून), पुन्हा पुन्हा धुऊन घ्यायचे आणि त्याच प्लेटवर नुसता अर्क, नुसतं सिल्व्हर नायट्रेट आणि ओळखीचं अँटिबायोटिक ठेवायचं. हे कंट्रोल, म्हणजे तुलनेचे नमुने, नसतील तर त्या वर्तुळाचं श्रेय कडुनिंबाला देताच येत नाही.

घरी मावशीने विचारलं, "हे पाण्यात घालून प्यायचं का गं?" मी ठाम नाही म्हटलं. चांदी शरीरात साठत गेली तर कातडी कायमची निळसर-करडी पडते. जखमेच्या पट्टीत चांदी आजही वापरतात, माझं लक्ष तिकडेच आहे. त्याआधी हेच कण माणसाच्या त्वचेच्या पेशींना कितपत सोसतात, ते एमटीटी चाचणीने (पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून दाखवणाऱ्या) तपासायचं आहे.