दोन कंस आणि भडंगातले शेंगदाणे

सापडली एकदाची. आठ दिवस छळणारी चूक दोन कंसांची निघाली, आणि ते कंस मीच अक्षरं वाचवायच्या काटकसरीत उडवले होते.

मागच्या वेळी 5×5 दिव्यांचं कोडं (Lights Out) सोडवणारा 81 अक्षरी पायथन प्रोग्राम लिहिला होता, आठवतोय ना? एक बटण दाबलं की तो दिवा आणि त्याच्या वरचा, खालचा, डावा, उजवा शेजारी उलटतात, पेटलेला विझतो, विझलेला पेटतो. सगळे विझवायचे, आणि प्रोग्राम होईल तितक्या कमी अक्षरांत लिहायचा. पहिल्या रांगेची दाबणी धरून चालायची, मग वर जो दिवा पेटलेला उरेल त्याच्या बरोबर खालचं बटण दाबत उतरायचं. पाचवी रांग विझली की सुटलं. पहिल्या रांगेच्या दाबणीचे प्रकार 32च. रांगेची दाबणी म्हणजे एक आकडा, b (दाबलेलं घर 1, न दाबलेलं 0, असे पाच बिट), आणि दिव्यांची उलटापालट करायला ^ ही खूण. बहुतेक पटांना (म्हणजे पेटलेल्या-विझलेल्या दिव्यांच्या मांडण्यांना) मात्र तो गप्प बसायचा, काही छापायचाच नाही. मला शंकाही आली नाही, कारण 5×5चे चारातले तीन पट मुळातच सुटत नाहीत. नापास पट आला की मी पटालाच दोष देऊन मोकळा!

शनिवारी सहज 1000 पट कसेही पाडून दिले. 250च्या आसपास सुटायला हवेत, सुटले 29. मग सगळे दिवे पेटलेला पट दिला. असा पट कुठल्याही मापाचा असो, सुटतोच. क्लाउस सुटनर या गणितज्ञानं 1989 साली सिद्ध केलंय. 5×5ला त्यासाठी 15 दाबण्या लागतात. माझा प्रोग्राम ढिम्म.

तेवढ्यात विश्रामबागेत लाईट गेली (हसू नका), आणि लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. मग चौकटीची वही, टॉर्च आणि भडंगाची वाटी घेऊन बसलो. सुटलेल्या पटांची उत्तरं वहीत उतरवलेली होती. जिथे दाबायचं तिथे शेंगदाणा ठेवत गेलो. तिसऱ्या पटाला लक्षात आलं, डावीकडच्या रकान्यात एकही शेंगदाणा नाही. चौथ्याला नाही, पाचव्यालाही नाही.

डावा रकाना म्हणजे सगळ्यात मोठा बिट. शेजारचे दिवे उलटवायला b दुप्पट (b*2, एक घर डावीकडे) आणि निम्मा (b//2, एक घर उजवीकडे) करतो. दुप्पट केला की डावा बिट सहाव्या घरात सांडतो, म्हणून शेवटी &31 लावून कापायचा, म्हणजे पाचच बिट उरतात. लावलं होतं की! पण पायथनमध्ये & हा ^च्या आधी बसतो, गणितात गुणाकार बेरजेच्या आधी होतो तसा. कंस काढल्यावर &31 फक्त शेवटच्या b//2ला चिकटलं, तिथे त्याचं कामच नाही. सांडलेला बिट पुढच्या प्रत्येक रांगेत आणखी डावीकडे सरकत राहिला, शेवटी शून्य येणार कुठून? डावा रकाना न दाबता सुटणारे पट 32त एक. म्हणजे 1000त 31. माझे 29 का आले ते कळलं.

कंस परत घातले, 83 अक्षरं झाली. जीव खालीवर. हे लिहिता लिहिताच सुचलं: सांडतं ते फक्त दुप्पट केलेलं, मग तेवढंच कापू. b*2%32. % (भागाकाराची बाकी) हा गुणाकाराच्या पंगतीत बसतो, कंसच नकोत. थांबा, करून बघतो.

चाललं! 81. सगळे पेटलेले दिवेही विझले.

आणखी एक. सुटणाऱ्या प्रत्येक 5×5 पटाला चार उत्तरं असतात, आणि त्यातल्या एकात पहिल्या रांगेची डावीकडची दोन घरं कोरी असतातच. म्हणजे 32 नकोत, 8 प्रकार पुरे. एक अक्षर वाचलं, 80. या एका अक्षराचा आनंद घरात कुणाला सांगणार? सगळ्यात कमी दाबण्यांचं उत्तर हवं असेल तर मात्र 32च ठेवा.

खऱ्या बटणांचा पटही बनवायचा होता, तो लांबला. ऑनलाइन मागवलेल्या 25 बटणांतली 4 दाबली की वर येत नाहीत. यापुढे दुकानात जाऊन, हातानं दाबून बघूनच घेणार.

6×6 करणार होतो, पण आता आधी 4×4. तिथे सुटणाऱ्या पटाला 16 उत्तरं, पहिली रांग काहीही धरा, चालतं. मग ती शून्यच धरायची. पहिल्या रांगेचे प्रकार एकेक करून बघणारा बाहेरचा अख्खा लूपच उडतो. जेवण झालं की बसतो.