एक मोठी शाळा की दोन लहान? खर्चाचा ताळेबंद मांडतानाचा माझा अनुभव

पहिली ते आठवीची सरकारी शाळा बांधायची होती. सध्याचा पट सहाशेच्या आसपास, काही वर्षांत तो १,२०० वर जाईल असा अंदाज. सगळ्यांसाठी एकच मोठी इमारत उभारावी की सहाशे-सहाशेच्या दोन, हे ठरवणाऱ्या समितीत मी पालकांची प्रतिनिधी होते. पहिल्या तक्त्यात फक्त बांधकामाचा खर्च होता आणि त्यात एक शाळा उघडच स्वस्त दिसत होती. बऱ्याच सदस्यांच्या मते विषय तिथेच संपत होता. मला ते पटेना, कारण इमारत एकदाच बांधतात, शाळा मात्र पन्नास-साठ वर्षं चालवायची असते.

आधी बांधकामच नीट समजून घेतलं. एका चौरस इमारतीऐवजी निम्म्या आकाराच्या दोन बांधल्या तर बाहेरची भिंत सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते, असं तक्त्यात म्हटलं होतं. गणित बरोबर आहे, पण शाळा अशा चौरस बांधत नाहीत. उजेड-वारा हवा म्हणून वर्ग एका रांगेत आणि पुढे व्हरांडा असतो. ती रांग मधोमध तोडली तर टोकाच्या दोनच भिंती वाढतात, हे आमच्या अभियंत्यांनीच कागदावर काढून दाखवलं. स्वच्छतागृहं मुलांच्या संख्येवर ठरतात, म्हणजे एकूण तेवढीच. दुप्पट होतात त्या गोष्टी वेगळ्या: मुख्याध्यापकांची खोली, कार्यालय, प्रयोगशाळा, ग्रंथालय, सभागृह आणि मैदान. जमीनही जास्त लागते. हा खर्च खरा आहे आणि तो लपवून दोन शाळांची बाजू मांडायची नाही, हे मी पहिल्यापासून पाळलं.

मग पगार. शाळेच्या वार्षिक खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा, म्हणून मी तुकड्या मोजायला बसले. एका तुकडीत जास्तीत जास्त ४० मुलं धरली. १,२०० मुलं म्हणजे इयत्तेला १५०, म्हणजे चार तुकड्या. आठ इयत्तांच्या ३२. सहाशेच्या शाळेत इयत्तेला ७५, म्हणजे दोन तुकड्या. एका शाळेत १६, दोन्हींत मिळून पुन्हा ३२. वर्गशिक्षक एकानेही वाढत नाही! पण कोणत्या वस्तीतली मुलं कोणत्या शाळेत जातील ही हद्द चुकीची आखली आणि एकीकडे ७००, दुसरीकडे ५०० मुलं गेली, की पहिल्या शाळेत इयत्तेला ८७-८८ मुलं येतात आणि तिसरी तुकडी काढावी लागते. तिथे २४, दुसरीकडे १६, एकूण ४०. आठ खोल्या आणि आठ पगार जास्त, तेही दर वर्षी. दोन शाळा महाग पडणार की नाही, हे विटा-सिमेंटपेक्षा नकाशावरच्या त्या एका रेषेवर ठरत होतं. माझ्या दृष्टीने सगळ्या चर्चेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

विषयशिक्षकांचंही असंच मोजलं. १६ तुकड्यांना खेळाच्या आठवड्याला दोन तासिका दिल्या तर ३२ होतात; एका शिक्षकाचा आठवडा भरतो. संगीताची एकच तासिका असेल तर सोळाच होतात, म्हणून तो शिक्षक दोन्ही शाळांत मिळून एकच. मुख्याध्यापक आणि कार्यालयातली माणसं मात्र वाढणारच.

यानंतर मी एक रकाना वाढवायला लावला: मुलांचं येणं-जाणं. वस्ती सारखी पसरलेली असेल आणि दोन्ही शाळा आपापल्या भागाच्या मधोमध असतील, तर सरासरी अंतर सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. पहिलीतल्या मुलासाठी चालत जाणं आणि गाडी लावणं यांतला हा फरक आहे. गाडीचे पैसे शाळेच्या अंदाजपत्रकात नसतात, पालकांच्या खिशातून जातात, म्हणून ते कोणी मोजलेच नव्हते. यावर मी अडून बसले आणि त्याबद्दल मला समाधान आहे.

खर्चाला सगळ्या विद्यार्थ्यांच्या संख्येने भागायचं की शिक्षण पूर्ण करणाऱ्यांच्या, हाही मुद्दा निघाला. न्यूयॉर्क शहरातल्या हायस्कुलांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात लहान शाळांचा खर्च दर विद्यार्थ्यामागे जास्त होता, पण शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या दर विद्यार्थ्यामागे तो मोठ्या शाळांइतकाच भरला. आपली शाळा आठवीपर्यंतची, म्हणून मी त्यावर फार भर दिला नाही.

शेवटी पारडं फिरलं ते वेळेमुळे. मोठी इमारत पहिल्याच दिवशी पूर्ण बांधावी लागते. दुसरी लहान शाळा पट खरोखर वाढल्यावर बांधता येते. सहा टक्के व्याज धरलं, तर पाच वर्षांनंतर लागणाऱ्या १०० रुपयांसाठी आज साधारण ७५ रुपये बाजूला ठेवले तरी पुरतात. आणि अंदाज चुकून पट वाढलाच नाही, तर दुसरी इमारत बांधायचीच नाही.

समितीने दोन शाळांची शिफारस केली. पहिली आता, दुसरीसाठी जमीन राखून. मोठं मैदान आणि सभागृह दोन्हींना मिळून एकच. सध्या आम्ही वस्तीनिहाय पटाच्या याद्या घेऊन हद्द आखतो आहोत. दोन्ही बाजू सहाशेच्या जवळ बसवायच्या आहेत आणि मोठा रस्ता कमीत कमी मुलांना ओलांडावा लागेल, हेही पाहायचं आहे.