चौथीतच ठरवायचं, पोरगी हुशार आहे की नाही?

इथे जर्मनीत पोरं चौथीत असतानाच ठरतं की पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं, हे गावाकडे कुणाला सांगितलं की आधी विश्वासच बसत नाही. बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चारच वर्षांची, फक्त बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहा, आणि मग फाटे फुटतात. गिम्नाझियममध्ये गेलं तर आबिटूर, म्हणजे इथली बारावीसारखी शेवटची परीक्षा, देऊन थेट युनिव्हर्सिटी, रेआलशूलेत गेलं तर दहावीपर्यंत, आणि तिसरी शाळा त्याहून खालची समजली जाते. आम्ही राहतो स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात, म्हणजे बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात. इथे चौथीच्या पोरांची जर्मन आणि गणिताची एक टेस्ट राज्यभर होते, बाई लेखी शिफारस देतात, आणि माझी मुलगी या वर्षी चौथीत आहे. त्यामुळे आमच्या घरात सध्या दुसरा विषयच नाही.

चाळीसगावहून दादाचा फोन आला की पहिला प्रश्न तोच. "मंग गिम्नाझियमच ना? आपली पोर भलती हुशार शे." दादाचं प्रेम मला कळतं. पण हुशार म्हणजे नेमकं काय आणि ते नवव्या-दहाव्या वर्षी कागदावर कसं मोजणार, हा प्रश्न काही मला सोडत नव्हता, म्हणून वाचायला लागले, आणि जे सापडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सगळ्यात आधी हे की बुद्धी मोजायची टेस्ट निघाली ती जिनियस शोधायला नाहीच. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों या दोघांनी ती बनवली, कारण शाळेत मागे पडणारी पोरं कोणती आणि कुणाला जास्तीची मदत लागेल ते वेळेत कळावं. बिनेचं तर स्पष्ट मत होतं की बुद्धी ही जन्माला येताना मिळालेली ठरावीक रक्कम नाही, सरावाने ती वाढते, आणि जे लोक पोराला एकदा मंद म्हणून मोकळे होतात त्यांचा त्याला राग होता. १९११ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी विल्यम श्टेर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने कल्पना काढली की मानसिक वयाला खऱ्या वयाने भागा, आला बुद्ध्यांक. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनने त्याला शंभरने गुणलं आणि १९१६ पासून तो आकडा जगभर पसरला, म्हणजे मदत कुणाला द्यायची यासाठी काढलेलं माप आता कोण वर आणि कोण खाली हे सांगायला लागलं.

याच टर्मनने १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीड हजारावर अतिहुशार पोरं टेस्ट घेऊन निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. ती पोरं पुढे चांगली शिकली, चांगल्या नोकऱ्यांना लागली, त्यात वाद नाही. पण नोबेल त्यातल्या एकालाही मिळालं नाही, आणि ज्या दोन पोरांना टेस्टमध्ये पुरेसे मार्क नाहीत म्हणून घेतलं नव्हतं त्या विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ यांना पुढे फिजिक्सचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. टेस्ट खोटी होती असं मी म्हणत नाही. ती जे मोजत होती ते मोजतच होती, फक्त जिनियस त्यात सापडत नव्हता.

आता आपल्याकडचं बघा. स्कॉलरशिपचा बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर आपण सगळ्यांनी दिलाय, आणि त्यातला 'गटात न बसणारे पद ओळखा' हा प्रश्न तर तोंडपाठ. अगदी असाच प्रश्न १९३१-३२ मध्ये अलेक्झांडर लुरिया नावाच्या रशियन संशोधकाने उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना विचारला होता: हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका, यातलं वेगळं कोणतं? शाळा शिकलेला लगेच म्हणेल ओंडका, बाकी तिन्ही हत्यारं. पण शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या शेतकऱ्यांनी सांगितलं की चारही एकत्रच पाहिजेत, ओंडकाच काढला तर बाकीच्यांनी करायचं काय. मागच्या वेळी गावी गेले तेव्हा आमच्या नानांना, म्हणजे माझ्या काकांना, मी हाच प्रश्न विचारला. नाना म्हणाले, "लाकूडच नही ते कुऱ्हाड काय कामनी?" अगदी तेच उत्तर! लुरियाचा अजून एक प्रश्न होता की जर्मनीत उंट नाहीत, अमुक शहर जर्मनीत आहे, तर तिथे उंट आहेत का? उत्तर आलं, मी काही जर्मनीतली गावं पाहिलेली नाहीत, मला कसं माहीत असणार. शाळेच्या हिशोबाने हे चूक. पण जो माणूस न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलायला तयार नाही त्याला बेअक्कल कसं म्हणायचं, मला तर ते जमत नाही.

नानांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हुशारी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तेच येतात. शिक्षण चौथीपर्यंत. गिरणाकाठी केळीचा बाग, कधी मृगाच्या पावसाला लावलेली मृगबाग, कधी पावसाळा सरता लावलेली कांदेबाग. निसवण झाली, म्हणजे झाडातून घड बाहेर पडले, की कोणता घड कधी कापणीला येईल ते त्यांच्या डोक्यात असतं, बागेतून एक चक्कर मारून ते रास, म्हणजे एकूण माल किती निघेल ते, सांगतात आणि काट्यावर तेवढीच येते, फरक पडला तर थोडाच. माल दिल्ली-पंजाबकडे जाणार असेल तर घड किती कच्चा कापायचा, गाडी दोन दिवस जास्त अडकली तर काय होईल, व्यापारी भाव पाडून मागतोय तो खरंच मार्केट पडलंय म्हणून की आपली घाई त्याला कळलीय म्हणून, पानावरचा हा डाग करप्याचा की पाण्याच्या ताणाचा, एवढं सगळं एका वेळी मनात धरून माणूस बांधावर उभ्याउभ्या लाखाचा निर्णय घेतो. आणि बँकेचा फॉर्म भरायला पुतण्याला बोलवतो. याला बुद्धी नाही तर काय म्हणायचं? पण यातल्या एकाही गोष्टीला कुठल्या पेपरात मार्क नाहीत.

हे नुसतं माझ्या मनाचं नाही बरं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पोरांचा अभ्यास १९८५ मध्ये छापून आला. गिऱ्हाईक बनून तोंडी हिशोब विचारले तर त्या पोरांचे ९८ टक्के बरोबर आले, आणि तेच आकडे कागदावर गणित म्हणून मांडून दिले तर जेमतेम ३७ टक्के. पोरं तीच, डोकं तेच आणि बेरीज-गुणाकारही तोच.

उलट्या बाजूचीही गोष्ट आहे. जेम्स फ्लिन या संशोधकाने दाखवून दिलं की विसाव्या शतकात कितीतरी देशांत बुद्ध्यांकाचे मार्क दर दहा वर्षांनी साधारण ३ गुणांनी वाढत गेले, इतके की सरासरी १०० वर ठेवायला टेस्ट पुन्हापुन्हा नव्याने बसवावी लागते. दोन-तीन पिढ्यांत माणसाचा मेंदू तर बदलत नाही. बदललं ते शिक्षण, खाणंपिणं, कामाचं स्वरूप, आणि कल्पनेतल्या गोष्टींचे गट पाडायची सवय. नानांना नसलेली सवय माझ्या मुलीला आहे कारण तिला ती बालवाडीपासून लावलीय, एवढाच फरक.

इथे एक जड विषय येतो पण तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. आमच्यापासून फार लांब नाही, स्वाबियन आल्बच्या डोंगरात ग्राफेनेक नावाची जागा आहे, आता तिथे स्मारक आहे. १९३३ मध्ये नाझींनी कायदा केला की 'जन्मजात मतिमंद' वगैरे ठरलेल्यांची जबरदस्तीने नसबंदी करायची, आणि ते ठरवताना बुद्धीची एक प्रश्नावली वापरली जायची ज्यात बरेचसे प्रश्न शाळेत शिकवलेल्या सामान्य ज्ञानाचे. त्या कायद्याखाली सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी झाली. मग १९४० मध्ये एकट्या ग्राफेनेकमध्ये अपंग आणि मानसिक आजारी अशा १०,६०० हून जास्त माणसांना गॅसने मारलं. आणि ज्या श्टेर्नने बुद्ध्यांकाची कल्पना दिली तो ज्यू होता, त्याला १९३३ मध्येच हाम्बुर्गच्या विद्यापीठातून काढलं, तो परदेशात १९३८ मध्ये वारला. ग्राफेनेकला मी जाऊन आले. नंतर कितीतरी दिवस 'मंद', 'ढ' हे शब्द, जे आपण वर्गात सर्रास ऐकलेत, मला ऐकवेनात. माणसाची किंमत त्याच्या बुद्धीवर लावायला लागलं की गाडी कुठे जाऊन थांबते ते या देशाने पाहिलंय.

घरचे पाहुणे आले की त्यांना आम्ही उल्मला नेतो, कारण आइनस्टाइनचा जन्म तिथला, १८७९ चा. घर आता नाही, १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं, फक्त स्मारक आहे. तिथे उभं राहून प्रत्येक जण म्हणतोच की हा शाळेत गणितात नापास झाला होता. नव्हता झाला. १८९५ मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशपरीक्षेत तो अडकला तो भाषा वगैरे सामान्य विषयांत, गणित-फिजिक्स तर उत्तम होतं. मग आराऊच्या शाळेत एक वर्ष काढून तो आत गेला. म्हणजे एक दार बंद झालं तर दुसरं उघडं होतं, हे लक्षात ठेवा. पुढे मार्सेल ग्रोसमान या वर्गमित्राच्या नोट्सवर त्याने परीक्षा काढल्या, बर्नच्या पेटंट ऑफिसातली नोकरीही ग्रोसमानच्या वडिलांच्या ओळखीने मिळाली, आणि १९०५ च्या सापेक्षतेवरच्या लेखाच्या शेवटी त्याने आभार मानलेत ते मिकेले बेसो या मित्राचे, ज्याच्याशी तो तासन् तास बोलायचा. १९५५ मध्ये तो वारल्यावर डॉक्टरने मेंदू काढून ठेवला, वजन केलं, १२३० ग्रॅम, सरासरीपेक्षा कमीच.

मेंदूवरून गाउसची गोष्ट आठवली. गणिताचा राजा म्हणतात त्याला, बाप मोलमजुरी करणारा. १८५५ मध्ये तो ग्योटिंगेनला वारला, त्याचा मेंदू बरणीत जपून ठेवला, त्यात अलौकिक बुद्धीची खूण शोधायचे प्रयत्न झाले, आणि २०१३ मध्ये कळलं की बरण्यांची अदलाबदल झाली होती. गाउसचा म्हणून ठेवलेला मेंदू फुक्स नावाच्या डॉक्टरचा होता! दीडशे वर्षं कुणाला पाहून फरक कळला नाही. पण गाउसच्या आयुष्यात एक खूण मात्र स्पष्ट दिसते. शाळेतल्या मास्तरांनी आणि त्यांच्या मदतनिसाने पोराला ओळखलं, आणि चौदाव्या वर्षापासून ब्राउनश्वाइगच्या ड्यूकने शिक्षणाचा खर्च उचलला. नाहीतर तोही बापासारखा मजुरीलाच गेला असता.

आणि हे वाचताना मला आपलं पाटण आठवलं. चाळीसगावच्या लोकांना पाटणादेवी माहीत नाही असं होणारच नाही, पण नवरात्रात दर्शन घेऊन परत येताना शिलालेखाकडे किती जण बघतात? भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवांच्या दरबारातला ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख लोकांपुढे आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि मला सगळ्यात मोलाचा तोच वाटतो, कारण त्यात मठ चालणार कशावर ते लिहिलंय. बाजारात जो माल येईल त्यावरचा राजाचा वाटा मठाला, आणि जे तेलाचे घाणे चालतात त्यांनी घाण्यामागे पळी पळी तेल द्यायचं. आठशे वर्षांपूर्वी आपल्या खान्देशातल्या तेल्याच्या घाण्यातलं पळीभर तेल गणित शिकणाऱ्या पोरांसाठी जात होतं! भास्कराचार्यांची बुद्धी त्यांची स्वतःची, पण ती नातवापर्यंत आणि पुढे टिकली ती अख्ख्या बाजारपेठेने पोसली म्हणून.

असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, ते सुद्धा याच मातीतलं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी ऐकून लिहून घेतली म्हणून ती राहिली, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्यांचं कुणी लिहून घेतलं नाही अशा किती बाया जात्यावर बसून गेल्या असतील, याचा विचार आला की मला खरंच त्रास होतो.

तर मुलीच्या बाईंशी मीटिंग झाली. बाई फार मायेने बोलल्या, गणित छान, पण जर्मन लिखाण कमी पडतं, शिफारस रेआलशूलेची. आमच्या घरात मराठी चालते, आई आली की अहिराणी, तर जर्मन तिला शाळेतच मिळतं, हे बाईंनाही माहीत आहे. शिकलेल्या आईबापांच्या पोरांना तेवढ्याच मार्कांवर गिम्नाझियमची शिफारस जास्त मिळते, हेही इथले अभ्यासच सांगतात, आणि २००१ मध्ये पहिल्या पिसा परीक्षेचा, म्हणजे देशोदेशीच्या शाळकरी पोरांची तुलना करणाऱ्या परीक्षेचा, निकाल लागला तेव्हापासून या देशात त्यावर भांडण चालू आहे. पण इथली एक गोष्ट मला मनापासून आवडते ती सांगितलीच पाहिजे. हाताने काम करणाऱ्याला इथे मान आहे. शेजारच्यांचा मुलगा हीटिंगचं काम शिकतोय, आठवड्यातले काही दिवस कंपनीत, काही शाळेत, पुढे तो मायस्टर, म्हणजे त्या कामातला सर्टिफिकेटवाला उस्ताद, होईल, आणि देशाच्या पात्रता आराखड्यात मायस्टर आणि बॅचलर डिग्री दोन्ही एकाच ६ व्या पायरीवर आहेत. नाना इथे जन्मले असते तर भिंतीवर त्यांचंही सर्टिफिकेट असतं.

आम्ही ठरवलं की गेमाइनशाफ्ट्सशूलेत घालायचं. तिथे सगळ्या पातळ्यांची पोरं एकत्र शिकतात, गणित वरच्या पातळीवर आणि जर्मन मधल्या असं चालतं, आणि आबिटूरचा रस्ता पुढेही उघडा राहतो. दादाला ते फारसं पटलेलं नाही, त्याच्या मते आपण पोरीला मागे ठेवतोय. मी त्याला सांगितलं की मागे-पुढे हे दहाव्या वर्षी कुणालाच दिसत नाही, बिनेला दिसत नव्हतं आणि टर्मनला तर नाहीच नाही. उन्हाळ्यात आम्ही येतोय. तिला पाटणचा लेख दाखवायचा आहे, आणि नानांबरोबर बागेत रास कशी सांगतात ते शिकायचं आहे, हे तिनेच ठरवलंय. दादा, तेव्हा गाडी तेवढी मोकळी ठेव.