देवाची भीड

शेजारच्या अक्का पंढरीच्या वारीचं विचारायला आल्या तेव्हा मी दारात ज्वारी निवडत बसले होते. "बाई, यंदा गुडघा बोलतोय. एकटीनं जायचा धीर होईना. तुम्ही चला की संगट." मग स्वतःच थबकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचा देव रागावंल का वं?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. आमच्या घरात चार पिढ्या ख्रिस्ती. पणजोबा मिशनच्या शाळेत अक्षर शिकले आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मी रविवारी चर्चला जाते, महिला मंडळात आहे, आणि माझी प्रार्थना चांगली होते असं सगळे म्हणतात. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाच्या मुलीचं जमत नसो, "बाई, तुम्ही करा प्रार्थना." मी उभी राहते आणि शब्द येत जातात. पण माझा देव रागावेल का, हा प्रश्न मी कित्येक वर्षांत स्वतःला विचारला नव्हता, हे त्या सुपापाशी कळलं. माझा देव रागवत नसेच. मी मागायची, तो ऐकून घ्यायचा.

चर्चच्या पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग एवढंच म्हणाले, "प्रार्थना करत चाला." मंडळीतल्या एकीने मात्र फोन करून चांगलं अर्धा तास झापलं. ते मनाला लागलं, अजूनही लागतं.

आमच्या भागातली दिंडी लहान, साठ-सत्तर माणसं. मंगळवेढ्याच्या वाटेने पंढरपूर 75 किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघताना बुक्का लावायला एक बाबा पुढे आले. मी मान जराशी मागे घेतली. त्यांनी हात आवरला आणि त्याच हाताने वाकून माझ्या पायांना स्पर्श केला. "माउली." सत्तरी ओलांडलेला माणूस! मी ओरडलेच, "अहो बाबा, हे काय!" तोवर ते पुढच्या माणसाच्या पाया पडत होते. आमच्यात कुणी कुणाच्या पाया पडत नाही, गुडघे टेकायचे ते देवापुढे. पण माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला आहे, हे मीच मुलांना संडेस्कूलमध्ये शिकवते. ते वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पाठीचा कणा वाकवून ते वाचणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

टाळ कानाला परके नव्हते. आजीकडे पितळी टाळांची जोडी होती. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग नि कीर्तन ख्रिस्ती मंडळीत रुजवलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. आजी त्यांचं नाव घेताना डोक्यावर पदर घ्यायची. हीच आजी देवाला खुशाल अरेतुरे करायची, चुलीपुढे बसून भांडायचीसुद्धा. पण आम्ही पोरं प्रार्थनेत पाय पसरून बसलो की मांडीवर फटका बसे. "त्याला तू म्हण, काही म्हण, पण देवाची भीड सोडू नको."

भीड हा तिचा शब्द. नीतिसूत्रांत 'परमेश्वराचे भय' असं येतं आणि ते भय म्हणजे नेमकं काय यावर बायबल वर्गात वाद होतो. मूळ हिब्रू शब्द 'यिरा', त्यात धास्तीही आहे आणि दिपून मान खाली जाणंही आहे. आजीला हिब्रूचा गंध नव्हता. भिडेत दोन्ही मावतं.

तिऱ्हे, कामती, माचणूर असे मुक्काम पडले. सीना कधी ओलांडली ते आठवतं, पण कुठल्या दिवशी कुठे जेवलो ते आठवत नाही. आठवतात त्या पहाटे तीनच्या पाण्याच्या रांगा, एका टेम्पोवरचा सिनेमाच्या चालींचा कर्णा, आणि दर अर्ध्या कोसावर चहाला बसणाऱ्या अक्का. मला राग यायचा. चालीला लय सापडली की या बसायच्या. एकदा मी बोलूनही गेले. त्या काही बोलल्या नाहीत, गुडघा चोळत राहिल्या.

एका रात्री तंबूत शेजारच्या बाईने विचारलं, "आडनाव काय तुमचं?" सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आपली वाकळ हातभर पलीकडे सरकवली. पणजोबांच्या आधीची आमची माणसं गावकुसाबाहेरची. त्या हातभर जागेची ओळख मला पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. मी कूस बदलली. थोड्या वेळाने घसटण्याचा आवाज आला म्हणून पाहिलं, तर अक्का आपली पथारी ओढत ओढत त्या रिकाम्या जागेत आणत होत्या. आणली, आडव्या झाल्या, लगेच घोरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशीची दुपार मात्र पूर्ण आठवते.

आषाढ लागला होता पण आमच्याकडे अजून पाऊस नव्हता. डांबराचा चटका चपलेतून वर येत होता. डाव्या टाचेला सकाळीच फोड आला होता, दुपारपर्यंत तो रुपयाएवढा झाला. मग उजव्या चवड्यालाही आला. मी बोटांवर चालून पाहिलं, कडेच्या मातीतून चालून पाहिलं. दिंडी पुढे गेली. अक्कांना मीच पुढे पाठवलं, चिडून. प्रार्थना करत चालायचं होतं ना? एक शब्द येईना. जीभ कोरडी, आणि आत सगळी तक्रारच. मला कशाला आणलंस इथे, एवढंच.

लिंबाच्या झाडाखाली बसले. शेजारी पत्र्याचं घर, दारात शेळी बांधलेली. घरातून माझ्याच वयाची एक बाई आली. काही न विचारता समोर उकिडवी बसली आणि माझ्या पायाकडे पाहिलं.

"ठणकतंय वं?"

मी पदर ओढून पाय झाकले. धूळ, घाम, चिघळलेली कातडी, ते कुणी पाहू नये असं वाटलं. ती उठून आत गेली. आली ती कळशी, परात आणि सुईदोरा घेऊन. दारातल्या दोन निळ्या पिंपांपैकी एक आडवं होतं. मी म्हटलं, "पाणी नका हो वाया घालवू. टँकरचं दिसतंय."

"वारकऱ्याच्या पायाला वाया जातंय व्हय?"

तेव्हा मला खरं बोलणं भाग पडलं. "बाई, मी वारकरी नाही. ख्रिस्ती आहे मी. शेजारणीच्या सोबतीला आले."

तिने क्षणभर वर पाहिलं. "बरं," म्हणाली. "पाय घाला परातीत."

पाण्याने अंगावर काटा आला. तिने बोटांच्या बेचक्यांतली माती अंगठ्याने काढली, जशी आई लहान पोराची काढते. दोन्ही पाय. मग पदराच्या आतल्या बाजूने टिपले. सुईचं टोक काडीच्या जाळावर धरलं, पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने अलगद काढला. पाणी झिरपलं. दोरा तिने ओढून काढला नाही, दोन्हीकडे बोटभर ठेवून कापला. "ऱ्हाऊ द्या तसाच. पाणी निघत ऱ्हातंय, कातडं निघत न्हाय." वर हळद दाबली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुवायला लागतो, तेव्हा पेत्र म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुणार नाही. दरवर्षी पुण्य गुरुवारी आम्ही हे वाचतो, आणि मला पेत्र नम्र वाटायचा. त्या लिंबाखाली कळलं की नम्रता नव्हे, त्याला ते सोसेना. आणि यशया संदेष्ट्याने दर्शनात पाहिलेले ते देवदूत, सराफीम, आठवले. सहा पंखांचे. दोन पंखांनी ते उडतात, दोन पंखांनी तोंड झाकतात आणि दोन पंखांनी पाय. त्यांनी पाय का झाकावेत? त्यांच्या पायाला कुठली धूळ लागणार? देवासमोर निष्कलंक दूतालाही पाय झाकावेसे वाटतात, आणि इकडे तोच देव कमरेला रुमाल बांधून घंगाळात पाणी ओततो. मी रडले. फोडासाठी नव्हे. माझ्या सगळ्या चांगल्या प्रार्थनांमध्ये मी पाय पसरून बसलेली होते.

तिने चहा दिला, गूळ घातलेला. मी पर्समधून शंभराची नोट काढली तशी तिचा चेहरा उतरला. नोट परत ठेवली. नाव विचारायचं राहिलं.

पुढच्या चहाच्या टपरीवर अक्का वाट बघत बसल्या होत्या. मी न बोलता शेजारी बसले आणि त्यांचा गुडघा चोळून दिला.

मंगळवेढ्यात चोखोबांचं गाव म्हणून मनात काहीतरी हललं, पण गर्दी इतकी की थांबता आलं नाही.

पंढरपुरात दर्शनबारीचा शेवट कुठे आहे तेच दिसेना. अक्कांच्याने उभं राहणं शक्य नव्हतं. "कळस बघू," म्हणाल्या. नामदेव पायरीच्या बाजूला कशाबशा पोचलो. समोरच चोखोबांची समाधी. ते जिवंतपणी दाराबाहेर राहिले, आणि ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावं लागलं. मी तिथे हात जोडले नाहीत. माझी उपासना कुणाची, याबद्दल माझ्या मनात गोंधळ नव्हता आणि नाही. मी अक्कांना पाहत होते. त्यांनी मान वर केली. कळस दिसला, गर्दीच्या धक्क्यात एक मिनिटभर असेल. त्यांनी दोन्ही गालांवर हलके हात मारून घेतले. ओठ थरथरत होते. मग म्हणाल्या, "चला बाई."

"एवढंच? आत नाही जायचं?"

"एवढ्याला बी डोळं पुरंनात."

परतीच्या एसटीत त्या माझ्या खांद्यावर झोपल्या. मला निर्गमाचा 33 वा अध्याय सुचत राहिला. मोशे म्हणतो, तुझं तेज मला दाखव. देव त्याला खडकाच्या कपारीत उभं करतो, वरून आपला हात झाकतो, आणि हात काढतो तेव्हा मोशेला दिसते ती देवाची पाठ. मुख नाही. मुख पाहून माणूस जगायचा नाही. मला लहानपणापासून मोशेची कीव यायची. त्या गाडीत आली नाही.

रविवारी उपासनेत नेहमीप्रमाणे माझं नाव पुकारलं. आजारी, परीक्षेची मुलं, पाऊस, सगळी यादी हातात होती. दोऱ्याची टोकं अजून टाचेत होती, चालताना जाणवली. मी पुढे गेले, गुडघे टेकले, डोळे मिटले. "हे पवित्र परमेश्वरा," म्हटलं, आणि पुढचा शब्द येईना. पंख्याचा आवाज येत होता. मागे कुणीतरी खोकलं, बाक करकरला. मी थांबले होते तशीच थांबले. किती वेळ गेला कोण जाणे. मग शेवटच्या बाकावरून एका म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "आमेन."