रात्री तीनची नोंद

"पोरगं रात्री तीन-तीन वाजेपर्यंत मोबाईल घेऊन असतंय मॅडम. दहावीची परीक्षा रद्द झाली तसा धरबंदच राहिला नाही. जरा समजावा की त्याला."

मे 2021. कोल्हापुरातल्या कसबा बावड्यातून एका आईचा फोन. यजमान दवाखान्यात ऑक्सिजनवर. सासूबाई कोरोना पॉझिटिव्ह, घरातच, आतल्या खोलीत. हे सगळं त्यांनी ओघात सांगितलं. फोन केला होता तो मोबाईलसाठी. मी किशोरवयीन मुलांसाठी आणि पालकांसाठी फोनवर समुपदेशन करत होते. तक्त्यात लिहिलं, 'मोबाईलचा अतिवापर'. झोपण्याआधी तासभर फोन बाजूला ठेवायला सांगा, म्हटलं. पुढचा फोन घेतला.

आमच्या तक्त्यात रकानेच तसे होते: अभ्यास, मोबाईल, घरातले वाद, इतर. संध्याकाळी वरून विचारणा व्हायची ती आज किती फोन झाले याची. एकाच मुलाला दोनदा फोन केला तर दुसरा मोजणीत धरत नसत. त्यामुळं मुलांबद्दलच्या तक्रारी आईबापांच्या तोंडून ऐकून आम्ही मुलांवर शिक्के मारत होतो, हे आता स्पष्ट दिसतं.

दोन दिवसांनी मुलालाच फोन लावला. फोनवर चेहरा दिसत नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात पोराला बोलायला कोपराही नसतो. म्हणून पहिला प्रश्न ठरलेला: "जवळ कुणी आहे? नुसतं हो किंवा नाही म्हण." कुणी असेल तर पुढचे सगळे प्रश्न हो-नाहीत बसतील असेच विचारायचे. घरच्यांना वाटतं, शाळेतून चौकशी चाललीय. "हो," तो म्हणाला. "बाहेर जाता येईल?" "हो." थोड्या वेळानं म्हशीच्या साखळीचा आवाज आला. गोठ्यात गेला होता.

"रात्री मोबाईलवर काय बघतोस?"

गप्प. अशा वेळी आपण बोलायचं नसतं. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजते. बाराला तो बोलला.

"टॉर्च लावतोय. लाईट लावली की आज्जी उठती."

दर दोन तासांनी गजर लावून तो आज्जीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत होता. शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापून थापून तिची बोटं राठ झालेली, त्यात गार पडलेली. आकडाच यायचा नाही. मग आधी तिचा हात आपल्या हातात धरून ऊब द्यायची, मिनिटभर आकडा स्थिर होऊ द्यायचा, मगच लिहायचं. गणिताच्या वहीत रकाने आखले होते: वेळ, ऑक्सिजन, नाडी. "93 आलं की परत लावतोय. 94 येईपर्यंत."

"आईला सांगितलंस?"

"आईला बाबांचंच टेन्शन हाय."

94च्या खालचा आकडा धोक्याचा. मी समुपदेशन तिथंच थांबवलं. वही घेऊन आत्ताच्या आत्ता आईकडे जा, म्हटलं, आणि त्यांच्या भागातल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा स्वयंसेविकेला, मी फोन लावला. दुपारपर्यंत आज्जीला बेड मिळाला. सहाव्या दिवशी ती गेली.

नंतर त्याला मी आठवड्यातून दोनदा फोन करत राहिले, मोजणीत धरोत न धरोत. मरून जावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. विचारल्यानं तसलं काही डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. नाही म्हणाला. मग म्हणाला, "93 आलं तेव्हाच सांगितलं असतं तर?"

काही फरक पडला नसता, असं मी म्हटलं नाही. ते मला ठाऊक नव्हतं. आणि माझ्याही हिशेबात दोन दिवस होते. म्हटलं, "तू मोठ्या माणसांचं काम एकट्यानं करत होतास. विचारायचं होतं मोठ्यांनी. मीसुद्धा तुझ्याशी उशिरा बोलले." एका ज्येष्ठ सहकाऱ्याला हे पटलं नाही. समुपदेशकानं आपली चूक मुलासमोर मांडायची नसते, त्याच्यावर आणखी एक ओझं पडतं, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण त्या दिवशी तो पहिल्यांदा रडला, आणि बराच वेळ रडला.

वडील जूनमध्ये घरी आले. 16 जुलैला दहावीचा निकाल लागला, राज्याचा 99.95 टक्के. तोही पास झाला. आईनं फोन करून सांगितलं आणि म्हणाल्या, "आता रात्री झोपतोय, पण ती वही काय टाकू देत नाही." टाकू नका, म्हटलं.

त्यानं विचारलेली एक गोष्ट राहिलीच. आपल्याकडं पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका दहन मोफत करते. त्यासाठी लोक शेणी देतात, होळीला तर हमखास. त्याची आज्जी दरवर्षी द्यायची, त्या मार्चमध्येही दिल्या होत्या. अंत्यविधीला त्याला जाता आलं नव्हतं.

"मॅडम, आज्जीला लावलेल्यात आमच्या शेणी असतील काय?"

मागं म्हशीची साखळी वाजत होती. या वेळी मी आकडे मोजले नाहीत.

"असतील," म्हटलं.