बॅज छातीवर, डोस बोटांना

इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं देऊन तपासण्या करणाऱ्या विभागात, काम करते. गावाकडून फोन आला की काळजीचा सूर ठरलेला: रोज रेडिएशनमध्ये असतेस, अंगावर काही येणार नाही ना?

अंगाची काळजी मला फारशी वाटत नाही. ब्रिटनमध्ये कोणालाही वैद्यकीय तपासण्या धरून वर्षाला सरासरी २.७ मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) किरणोत्सार मिळतो. माझ्या छातीवरच्या डोस मोजणाऱ्या बॅजचा वर्षाचा आकडा त्याच्या आतच असतो आणि आम्हा कर्मचाऱ्यांसाठी कायद्याची मर्यादा आहे २०. मला काळजी वाटते ती बोटांची.

पेट (PET) स्कॅनचं किरणोत्सारी औषध सिरिंजमध्ये भरताना, शीर शोधताना, डाव्या हाताची तर्जनी सुईच्या सगळ्यात जवळ असते. म्हणून आम्ही ग्लोव्हच्या आत बोटात मोजणीची अंगठी घालतो, मोजणारा भाग तळहाताकडे वळवून. तरी ती बोटाच्या मुळाशी बसते. ओरामेड या युरोपीय प्रकल्पात असं दिसलं, की तिथला आकडा साधारण सहापट केला तेव्हा कुठे सर्वाधिक डोस घेणाऱ्या बोटाच्या टोकाचा अंदाज येतो. हातांची मर्यादा वर्षाला ५०० आहे, पण अंगठीत ९० दिसले तर निर्धास्त राहायचं का? मुळीच नाही, सहापट म्हणजे ५४० झाले.

एक्स-रे विभागातला शिशाचा ॲप्रन पेटच्या किरणांपुढे जेमतेम कामाचा. खरा आधार सिरिंजवरच्या टंगस्टनच्या जाड कवचाचा. ते जड असतं, शीर नीट दिसत नाही, म्हणून घाईत काढून ठेवायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा.

आणखी एक सवय अंगवळणी पडली. इंजेक्शननंतर पेशंटच किरणोत्साराचा स्रोत होतो. त्यामुळे घाबरलेल्या आजीबाईंचा हात धरायचा, नातवंडांची चौकशी करायची, बाथरूम दाखवायचं, ते सगळं आधी. मग औषध द्यायचं, पांघरूण सारखं करायचं आणि बाहेर यायचं. तासभर त्या एकट्या पडून असतात. कॅमेऱ्यातून त्यांच्याकडे बघताना जीव तुटतो. पण अंतर दुप्पट झालं की डोस साधारण चौथाईवर येतो, हेही खरं.

मुंबईत शिकताना माझ्या मनगटावर बॅज असायचा. मनगट बोटांपासून आणखी लांब, म्हणजे आकडा आणखी फसवा. तिकडे हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करायच्या खोलीत, उभ्या राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे बोटातली अंगठी मागा. नाही म्हणाले तर लेखी मागा.